मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू होतो, पण दोन्ही एलईडी पट्ट्या जोडल्या की बंद पडतो

मखर_४५०
नमस्कार मंडळी. जुन्या डेस्कटॉपमधला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) गणपतीच्या मखराला वापरायचा आहे. १२ व्होल्टच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्यांची ५ मीटरची दोन बंडलं आहेत. ५०५० जातीच्या, मीटरला ६० एलईडी, मीटरला १४.४ वॉट. शिवाय कारंज्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप आहे.

२४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि शेजारची काळी तार जेमक्लिपने जोडली की पंखा फिरतो. मीटरवरची रीडिंग अशी:
काहीच न जोडता: पिवळी (१२ व्होल्टची तार) १२.१०, लाल (५ व्होल्टची) ५.०५
एक पट्टी जोडल्यावर: पिवळी ११.३५, लाल ५.४२
दुसरी पट्टी जोडली की एका सेकंदात सगळं बंद. जेमक्लिप काढून परत लावली तर पंखा अर्धा फेरा हलतो आणि थांबतो.

लेबलवर: +३.३ व्होल्ट २० अँपिअर, +५ व्होल्ट २० अँपिअर, +१२ व्होल्ट-१ १४ अँपिअर, +१२ व्होल्ट-२ १५ अँपिअर, १२ व्होल्ट एकूण ३०० वॉट, −१२ व्होल्ट ०.३ अँपिअर, +५ व्होल्ट स्टँडबाय २ अँपिअर.

दोन पट्ट्या मिळून १४४ वॉट, म्हणजे १२ अँपिअर. ३०० वॉटच्या निम्मेसुद्धा नाहीत. मग बंद का पडतो? एसएमपीएस खराब आहे का? सध्या पट्ट्या साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या चपट्या) कनेक्टरच्या तारांना जोडल्या आहेत.

सोल्डर_आणि_फ्लक्स
एसएमपीएस खराब नाही. उत्तर तुमच्याच रीडिंगमध्ये आहे: पिवळी खाली गेली तेव्हा लाल वर चढली. असं झालं की तो ग्रुप रेग्युलेटेड आहे असं धरून चाला.

आत एकच ट्रान्सफॉर्मर आहे, आणि ५ व १२ या दोन्ही व्होल्टेजचं आउटपुट एकाच मोठ्या गोल चोकवर (तारेच्या गुंडाळीवर) गुंडाळलेलं आहे. कंट्रोलर या दोन्हींची मिळून एकच खबर घेतो आणि एकच पल्स कमी-जास्त करतो. दोन्हींना वेगळं सांभाळायची सोय त्याच्याकडे नाही. पीसीमध्ये दोन्हींवर थोडा थोडा लोड असतो म्हणून ते निभावतं. तुम्ही सगळा लोड १२ वर टाकलात आणि ५ रिकामा ठेवलात. १२ बसायला लागला की कंट्रोलर पल्स रुंद करतो, त्यात १२ थोडा सावरतो आणि रिकामा ५ उगाच वर चढतो. ६ अँपिअरला लाल ५.४२ झाली, १२ अँपिअरला ती ६ च्या आसपास जाणार. तिथे आतली सुपरव्हायजर आयसी (व्होल्टेजवर नजर ठेवणारी चिप) ओव्हरव्होल्टेज म्हणून सगळं बंद करते. हे बंद होणं लॅच होतं, म्हणजे दोष गेला तरी तो आपोआप परत चालू होत नाही. हिरवी तार काळीपासून सोडून पुन्हा जोडावी लागते, किंवा मागचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागतं. पट्ट्या तशाच ठेवून क्लिप लावलीत तर तो परत पडणारच, म्हणून पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो.

उपाय: लाल आणि काळीमध्ये कायमचा लोड द्या. १० ओहम १० वॉटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर घ्या, चार नग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी कुठल्याही दुकानात मिळतील. चारही समांतर जोडले की अडीच ओहम होतात, ५ व्होल्टला २ अँपिअर ओढतात, एकूण १० वॉट. प्रत्येकावर अडीच वॉटच पडतात, तरी हात ठेवता येणार नाही इतके तापतात. म्हणून ते अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा आणि पुठ्ठा, कापड, कागदी फुलं यांच्यापासून लांब ठेवा. एसएमपीएसच्या जाळीसमोर, पंख्याच्या वाऱ्यात आले तर उत्तम.

आधी दोनच लावून बघा, एका पट्टीवर रीडिंग घ्या, मग चार. लाल ५.२५ च्या आत आणि पिवळी ११.४० च्या वर राहायला हवी. या रेल्सना (एकेका व्होल्टेजच्या आउटपुटला रेल म्हणतात) ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणून हे आकडे.

पुढे दुसरा एसएमपीएस घेताना लेबल वाचा. ४५० वॉटच्या लेबलवर १२ व्होल्टला एकट्याला ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॉट लिहिलं असेल, तर आत १२ व्होल्टच मुख्य आहे आणि ५ व ३.३ त्यातून वेगळ्या डीसी-टू-डीसी पाट्यांवर तयार होतात. तसल्यांना हा रेझिस्टरचा खटाटोप लागत नाही. तुमच्यासारखं ४५० पैकी १२ ला ३००, आणि ५ व ३.३ ला भरघोस २०-२० असेल, तर तो जुन्या बांधणीचा.

टेस्टबेंच
वरचं उत्तर बरोबर आहे. तारांबद्दल मात्र लगेच बोलायला हवं, कारण साटाच्या कनेक्टरमधून १२ अँपिअर ही धोक्याची गोष्ट आहे.

साटा पॉवरमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे पूर्ण कनेक्टर साडेचार अँपिअर, ५४ वॉट. तुमची एक पट्टीच ७२ वॉट आहे. तार काही वेळ सोसेल, पण कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं आणि आतल्या आत १२ आणि काळी चिकटतात. कनेक्टर कापून थेट तारेला जोडलं असेल तरी एकाच पिवळ्या तारेवर १२ अँपिअर टाकू नका.

तुमच्याकडे १२ व्होल्टच्या दोन रेल आहेत, त्यांचा फायदा घ्या. पहिली पट्टी जुन्या हार्डडिस्कच्या चार पिनी मोलेक्सवरून, दोन वेगवेगळ्या लडींतल्या पिवळ्या एकत्र करून. दुसरी पट्टी प्रोसेसरच्या चौकोनी चार पिनी कनेक्टरवरून, त्यात दोन पिवळ्या आणि दोन काळ्या असतात आणि तो बहुतेक वेळा १२ व्होल्ट-२ वर असतो. पंप पहिल्या रेलवर. परत येणाऱ्या काळ्या तारा पिवळ्यांइतक्याच घ्या. लोक पिवळ्या दोन जोडतात आणि काळी एकच ठेवतात, मग ती एकटी तापते.

प्रत्येक पट्टीला ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज घाला, होल्डरसकट. गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो. पंपाला वेगळा २ अँपिअरचा. फ्यूज एसएमपीएसच्या अगदी जवळ हवा, पट्टीजवळ नाही. एसएमपीएस स्वतःला वाचवतो हे खरं, पण त्याचं ओव्हरकरंट लेबलवरच्या आकड्याच्याही वर लागतं. पट्टीच्या मागचा तांब्याचा पातळ थर १४-१५ अँपिअरला जळून जाईल आणि एसएमपीएसला काही झालं असं वाटणारही नाही.

आता व्होल्टेज ड्रॉप. एसएमपीएस मखराच्या मागे ३ मीटरवर ठेवलात तर जाऊन-येऊन ६ मीटर तार. एक एमएमच्या तांब्याच्या वायरला मीटरला साधारण १७.५ मिलीओहम, ६ मीटरला १०५. सहा अँपिअरला ०.६३ व्होल्ट वाटेतच गेले. अडीच एमएमच्या वायरने तेच ०.२५ होतात. हा फरक डोळ्याला दिसतो, कारण या पट्टीत तीन एलईडी आणि एक छोटा रेझिस्टर ओळीने असतात. पांढऱ्या एलईडीचे साधारण ३.१ प्रमाणे ९.३ व्होल्ट गेले की १२ पैकी रेझिस्टरवर २.७ उरतात. ११.३५ वर २.०५ च उरतात, म्हणजे करंट पाऊणपट. व्होल्टेज पाच टक्के कमी आणि उजेड एवढा पडलेला, हे त्यामुळे. म्हणून अडीच एमएम वापरा आणि प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या. एकाच टोकाने दिलात तर शेवटचा मीटर पिवळट दिसतो.

वाट_बघणारा
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडचा एसएमपीएस मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) आहे आणि सगळ्या तारा काळ्या आहेत. हिरवी कशी ओळखायची? आणि याच एसएमपीएसवर इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होईल का?

सोल्डर_आणि_फ्लक्स
रंग नसले तरी जागा ठरलेल्या आहेत. २४ पिनच्या कनेक्टरवर एका बाजूला अडकवायची खिटी असते. तिच्या बाजूची ओळ ही १३ ते २४ क्रमांकाची. याच ओळीत एक भोक रिकामं दिसेल, ते २० नंबर. पूर्वी तिथे −५ व्होल्टची पांढरी तार असे, आता बहुतेकांत नसते. त्या रिकाम्या भोकाच्या एका बाजूला तीन तारा ५ व्होल्टच्या आणि शेवटी एक ग्राउंड, दुसऱ्या बाजूला तीन ग्राउंड आणि मग हिरवी. तेव्हा ज्या बाजूला जास्त तारा उरतात त्या बाजूने मोजा: तीन सोडा, चौथी तुमची हिरवी, १६ नंबर. तिच्या दोन्ही शेजारी, १५ आणि १७, ग्राउंडच आहेत. जुन्या २० पिनच्या कनेक्टरमध्ये हीच तार १४ नंबरला असते.

जोडण्याआधी मीटरने खात्री करा. मेन चालू, क्लिप नाही: १६ नंबरवर ग्राउंडच्या तुलनेत साधारण साडेतीन ते पाच व्होल्ट दिसतील, आणि ९ नंबरवर, म्हणजे जांभळीच्या जागी, ५ व्होल्ट स्टँडबाय. बाकी सगळं शून्य. हिरवीवरचा व्होल्टेज आतल्या पुल-अपमुळे (तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरमुळे) असतो. ती तार ग्राउंडला टेकवली की एसएमपीएसला चालू हो असा निरोप जातो. तिच्यातून जास्तीत जास्त १.६ मिलीअँपिअर वाहतात, त्यामुळे क्लिप तापायचं कारण नाही. क्लिप तापली किंवा ठिणगी उडाली तर भोक चुकलंय, लगेच मेन बंद करा. क्लिप घालायची तीही मेन बंद करूनच.

दोन अपवाद सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस पीसीतल्या एसएमपीएसना पुष्कळदा त्यांचा स्वतःचा वेगळा कनेक्टर असतो, तिथे वरचे नंबर लागू नाहीत. आणि १० पिनच्या कनेक्टरचे नवे १२ व्होल्ट-ओन्ली एसएमपीएस आहेत, त्यांचा स्टँडबायही १२ व्होल्टचा असतो, ५ चा नाही.

मॉड्युलर आहे म्हणून आणखी एक, आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका: केबल त्याच मॉडेलची हवी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळी असते. सॉकेट बसतं, पण ५ च्या जागी १२ जातात आणि हार्डडिस्क कायमची जाते.

बॅटरीचं उत्तर: नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला फ्लोटसाठी (नुसती भरलेली ठेवण्यासाठी) सुद्धा १३.८ च्या आसपास लागतात, १२ व्होल्टने ती भरत नाही. उलट एसएमपीएस बंद असताना बॅटरी आपला करंट त्याच्या आउटपुटमध्ये उलटा ढकलते. त्यासाठी चार्जरच घ्या.

जुना_वायरमन
मखर आहे, दहा दिवस चालणार, आजूबाजूला मुलं आणि ओल असणार. तेव्हा मेनच्या बाजूचं बोलतो.

थ्री पिन प्लगमधलं अर्थिंग खरोखर आहे का ते तपासा. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगते आणि हात लावला की मुंग्या येतात. बॉडी म्हणजे काळ्या तारा, आणि काळ्या तारा म्हणजे पट्टीचं मायनस आणि पंपाची तार. कारंज्याच्या पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या तर पंप बदलून उपयोग नाही, अर्थिंग बघा. टू पिन एक्स्टेंशनवर हे चालवू नका. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर त्याच लाइनवर घ्या.

मागच्या बाजूला लाल रंगाचा ११५/२३० सरकता स्विच असेल तर तो २३० वरच हवा, आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाका. ११५ वर ठेवून २३० दिले की आत व्होल्टेज दुप्पट होतो आणि २०० व्होल्टचे कपॅसिटर फुटतात.

एसएमपीएस उघडू नका. मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्यांत (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्यांत) ३८० ते ४००. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहतात. पंख्याची जाळी आणि मखराचं कापड यांत चारही बाजूंनी किमान वीतभर मोकळं ठेवा. जुना पंखा आवाज करत असेल तर आत्ताच बदलून घ्या, विसर्जनापर्यंत ओढू नका.

आणि जेमक्लिप टेस्टपुरती ठीक. ती हलली की मखर अंधारात. २४ पिनचा तयार जंपर प्लग मिळतो, किंवा हिरवी आणि काळी कापून साध्या टॉगल स्विचला सोल्डर करा, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी).

रेझिस्टर_नको
रेझिस्टरमध्ये वीज जाळण्यापेक्षा मोटरसायकलचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावला तर? उजेडही मिळेल.

टेस्टबेंच
बल्ब १२ व्होल्टवर जाईल. इथे लोड ५ व्होल्टवर हवा आहे, १२ वर आधीच भरपूर आहे. शिवाय हॅलोजनची वायर थंड असताना तिचा रेझिस्टन्स तापल्यावरच्या साधारण दहावा भाग असतो. साडेचार अँपिअरचा बल्ब पहिल्या क्षणी ४० च्या पुढे मागतो, आणि चांगला एसएमपीएस शॉर्ट समजून बंद होतो. १२ व्होल्टची बाजू तपासायला लोड हवा असेल तर ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब बरा, पावणेदोन अँपिअर.

वीज वाया घालवायची नसेल तर ५ व्होल्टच्या पट्ट्या वापरता येतील, रंग बदलणाऱ्या पिक्सेलच्या. पण त्यांचा लोड पॅटर्नबरोबर बदलतो. सगळे पिक्सेल विझले की लाल पुन्हा चढते. म्हणून निदान दोन रेझिस्टर तरी कायम ठेवावेच लागतील.

मखर_४५०
सगळ्यांचे मनापासून आभार. चार रेझिस्टर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लावले, पट्ट्या मोलेक्स आणि चौकोनी कनेक्टरवर विभागल्या, फ्यूज घातले, अडीच एमएमची वायर टाकली.

काहीच न जोडता, फक्त रेझिस्टर: पिवळी १२.३२, लाल ४.९८
एक पट्टी: पिवळी ११.८८, लाल ५.११
दोन्ही पट्ट्या आणि पंप: पिवळी ११.६२, लाल ५.२१

अर्धा तास चालू आहे, बंद पडला नाही. करडी तार ४.९ दाखवते. रिकामा असताना पिवळी १२.३२ ही जास्त नाही ना? आणि पंप बंद करताना पट्टी क्षणभर लुकलुकते.

सोल्डर_आणि_फ्लक्स
१२.६० पर्यंत चालतं, ठीक आहे. आता फक्त ५ वर लोड असल्यामुळे उलट दिशेने तेच घडतंय. करडी तार म्हणजे पॉवर गुड, ती ५ च्या जवळ म्हणजे एसएमपीएसच्या मते सगळं जागेवर आहे. लाल ५.२१ काठावर आहे, आणखी एक रेझिस्टर वाढवलात तर थोडी खाली येईल. तापलेल्या अवस्थेत, दोन तासांनी पुन्हा मोजा, कारण जुन्या कपॅसिटरचं खरं रूप तेव्हाच कळतं.

पंपाच्या टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, डायोडवर छापलेला पट्टा प्लसकडे. मोटर बंद करताना जो उलटा झटका येतो तो त्यातच विरतो.

मखर_४५०
एक शेवटचं. संध्याकाळी सहाला चालू आणि रात्री अकराला बंद असं टायमरने करायचं असेल तर १५ अँपिअरचा रिले लागेल का?

टेस्टबेंच
नाही. हिरवी तारच टायमरच्या कॉन्टॅक्टवर घ्या. दीड मिलीअँपिअरचं काम आहे, अगदी छोटा रिले किंवा टेलिफोनच्या वायरइतकी बारीक तार पुरते, आणि १२ अँपिअरचं तोडणं-जोडणं एसएमपीएस आत स्वतः करतो. टायमरचा कॉन्टॅक्ट मात्र कोरडा हवा, म्हणजे त्याच्या आउटपुटवर स्वतःचे २३० व्होल्ट यायला नकोत. हे जोडण्याआधी मीटरने बघाच. टायमरचं सर्किट ५ व्होल्टवर चालणारं असेल तर त्याला जांभळी तार द्या. मखर बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट असतात, आणि २ अँपिअर त्याला भरपूर झाले.